डक्टची किल्ली

आमच्या सोसायटीच्या प्रत्येक विंगमध्ये जिन्याला लागून एक डक्ट आहे. दीड-दोन फूट रुंद, तळापासून गच्चीपर्यंत गेलेला. त्यात पाण्याचे पाइप, विजेच्या केबल, केबल टीव्हीच्या जुन्या मेलेल्या वायरी, पारव्यांची घरटी आणि इंटरनेटची फायबर. लोखंडी दाराला कुलूप असतं आणि किल्ली सोसायटीच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेली. दोन वर्षांपूर्वी या किल्लीबद्दल कमिटीने एक चुकीचा निर्णय घेतला. त्याच्या बाजूने ज्यांनी हात वर केले त्यांत खजिनदार म्हणून मीही होतो.

झालं असं. सिंहगड रोडच्या अलीकडची आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. लिफ्टचं मोठं काम निघालं होतं आणि पैसे कमी पडत होते. ब्रॉडबँड देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. म्हणाला, वर्षाला ६० हजार देतो, ऑफिसचं आणि सीसीटीव्हीचं कनेक्शन फुकट. अट एकच, डक्टमध्ये दुसऱ्या कोणाची वायर नको. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले चौथ्या मजल्यावरचे काका तेवढे म्हणाले, "हे साठ हजार तो स्वतःच्या खिशातून देणार आहे का? आपल्याच बिलातून काढणार." आम्ही हसलो. तेवढ्यात चहा आला.

वर्षभरात मासिक दर दोनदा वाढला. रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉल अडकायला लागले, पण त्याच कंपनीच्या पॅकेजमधल्या मालिका मात्र त्याच वेळी लोण्यासारख्या चालायच्या. हे मुद्दाम केलं जात होतं असा आरोप मी करत नाही. सर्व्हर जवळ असला की असं होतं. पण मुद्दाम असतं तरी आम्ही काय करणार होतो? दुसऱ्या कंपनीला बोलवायचं तर डक्टला कुलूप, आणि कुलूप आम्हीच घातलेलं.

नेट न्यूट्रॅलिटी या नावाने गेली दहा-बारा वर्षं जे भांडण चाललं आहे, ते मुळात या डक्टचं आहे. ज्याच्या हातात वायर, त्याने वायरीतून काय जातं यात नाक खुपसायचं का? मराठी वर्तमानपत्रांनी याला 'इंटरनेट समानता' म्हटलं. मला तो शब्द पटला नाही. समानता म्हटलं की लोकांना वाटतं, सगळ्यांना सारखाच वेग, सारखंच बिल. तसं कोणी मागितलेलं नाही. 'तटस्थता' जास्त चपखल आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. नदीतून लाकूड वाहत जातंय की फुलं, यात काठावरच्याने हात घालायचा नाही.

काका हेच फार सोपं करून सांगतात. उमेदीची वर्षं त्यांनी ट्रंक एक्स्चेंजवर काढली. ट्रंक कॉल ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन तऱ्हेचे असत. घाई जास्त तर पैसे जास्त. "पण साताऱ्याचा कॉल लावताना तुम्ही मेव्हण्याशी बोलणार की गुळाच्या व्यापाऱ्याशी, हे आम्ही विचारत नव्हतो. आणि अमक्या व्यापाऱ्याने खात्याला पैसे चारलेत म्हणून त्याचा कॉल आधी लावा, असंही नव्हतं." मग जरा थांबून, "म्हणजे, कागदावर तरी नव्हतं."

घरात १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेणाऱ्याने ५० वाल्यापेक्षा जास्त पैसे द्यावेत, याला कोणाचीच हरकत नाही. तो अर्जंट कॉल झाला. पण एकदा वेग विकत घेतला की त्या वेगाने मी बँकेचं काम करीन, नातवाशी बोलेन, नाहीतर कोण्या खेड्यातल्या पोराने काढलेली कुस्तीची चित्रफीत बघेन. वायरवाल्याने मध्ये पडू नये. गोष्ट एवढीच आहे.

आपल्याकडे भांडण पेटलं ते डिसेंबर २०१४ मध्ये. एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं, ओरड झाली, बेत गुंडाळला गेला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ११८ पानांची इंग्रजी चर्चापत्रिका काढली. त्यात २० प्रश्न होते. ती पूर्ण वाचणारे किती असतील कोण जाणे, पण उत्तरादाखल दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. त्यातला एक माझा. खरं सांगायचं तर मजकूर तयार मिळाला होता. मी खाली नाव घातलं आणि बटण दाबलं. ट्रायने पुढे मेल पाठवणाऱ्यांचे पत्तेही जसेच्या तसे आपल्या संकेतस्थळावर टाकून दिले. सरकारी पारदर्शकता म्हणतात ती कधी कधी अशी नको तिथे उगवते.

त्याच काळात फेसबुकने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' आणलं आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' केलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकीच्या संकेतस्थळांना पैसे. या योजनेच्या बाजूचा युक्तिवाद आपण तेव्हा नीट ऐकून घेतला नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं फुकट मिळत असेल, तर आधीच भरपेट जेवलेल्यांनी त्याच्या ताटातलं का काढून घ्यायचं? कोथरूडमध्ये वायफायखाली बसून गडचिरोलीतल्या माणसाने काय नाकारावं हे ठरवणारे आपण कोण? हा प्रश्न बोचरा होता, आणि नुसतं 'कंपनीचा डाव' म्हणून तो झटकता येत नाही.

माझं उत्तर मला आमच्या घरातच मिळालं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. महिन्याला थोडासा डेटा, तोही जपून वापरायचा. तिला काय काय लागायचं? मैदानी चाचणीच्या तारखा, मागच्या भरतीची यादी, शासनाचा एखादा जीआर, आणि धावण्याचा सराव कसा करावा हे सांगणाऱ्या बीडकडच्या एका मास्तरांच्या चित्रफिती. यातलं किती 'बेसिक' होतं, हे कॅलिफोर्नियात बसलेल्या कोणालाही ठरवता आलं नसतं, आणि पुण्यात बसलेल्या मलाही नाही. तिचं तिलाच कळत होतं. फुकटच्या यादीत नाव यायचं तर अर्ज करा, तांत्रिक अटी पाळा, व्हिडिओ नको, फोटो हलके ठेवा. या दारातून बीडचे मास्तर कधीच आत आले नसते. मराठीत इंटरनेटवर जे काही धडपणे उभं आहे ते बहुतेक अशाच एकट्या-दुकट्या माणसांनी उभं केलेलं आहे. पाककृती लिहिणाऱ्या बायका, गडकोटांची माहिती गोळा करणारे, कांद्याचे भाव सांगणारे. पैसेवाल्यांसाठी वेगळं दार निघालं की पहिला बाहेर राहतो तो हा माणूस.

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने दुसरी चर्चापत्रिका काढली, या वेळी फक्त वेगवेगळ्या दरांबद्दल. फेसबुकने लोकांकडून तयार मजकुराची लाखो उत्तरं पाठवून घेतली. ट्रायने कंपनीला कळवलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. (मी हसलो होतो, माझाही मजकूर तयारच होता हे नंतर आठवलं.) आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला. मजकूर पाहून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड. मुळात जो डेटा फुकट द्यायचा तो द्या, पण त्यावर काय बघायचं ते माणसाला ठरवू द्या, असा त्याचा अर्थ. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने पुढची पायरी परवान्यांच्या अटींतच घातली. अडवणूक नको, वेग पाडणं नको, कोणाला खास रस्ता नको.

हा नियम मला आजही बरोबर वाटतो. त्याच्याबद्दल दोन कडू गोष्टी मात्र सांगायला हव्यात.

पहिली अशी, की गरिबाच्या हातात इंटरनेट या नियमाने आलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, महिनोन्महिने फुकट वाटप झालं, दर कोसळले आणि मावशींच्या मुलीने डेटा जपून वापरणं सोडून दिलं. त्या झपाट्यात लहान-मोठ्या कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विरघळल्या, आणि आज खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल एवढंच उरलं. नियम पाळूनही डक्टला कुलूप पडू शकतं ते असं. 'बाजारावर सोडा, कंपनी आगाऊपणा करायला लागली तर ग्राहक दुसरीकडे जाईल' असं म्हणणाऱ्यांनी हे चित्र पाहावं. जायचं म्हटलं तर दारं तीन-चार.

दुसरी म्हणजे तटस्थतेला मागचं दार आहे. मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर थेट इंटरनेट पुरवठादारांच्या जागेत नेऊन ठेवतात. सिनेमा गावातल्या गावात साठवलेला असतो, म्हणून तो झटकन येतो. हे आपल्या नियमाबाहेर ठेवलेलं आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते वावगंही नाही. त्याने सगळ्यांचाच भार हलका होतो. पण ज्याच्याकडे असे सर्व्हर ठेवायला पैसे नाहीत त्याचा मजकूर लांबून चालत येतो. रस्ता सगळ्यांना सारखा, फक्त काहींची घरं रस्त्यालगत.

आता नवं भांडण आहे ते 'वाट्या'चं. दूरसंचार कंपन्या म्हणतात, आमच्या वायरीतला मोठा भार मोजक्या परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओंचा. त्यांनी त्याचे पैसे आम्हाला द्यावेत. हे ऐकून मला गुलटेकडीचं मार्केट यार्ड आठवतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद होता तो आडत, म्हणजे मधल्या आडत्याची दलाली, कोणी द्यायची याचा. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. आडत इकडून घ्या की तिकडून, यावर भांडता येईल. पण दोन्हीकडून एकाच पाटीची आडत घेतो म्हणणाऱ्याला यार्डात कोणी उभं करणार नाही. व्हिडिओ काही आपोआप वायरीत शिरत नाही. मी मागवतो म्हणून तो येतो, आणि मागवण्याचे पैसे मी दर महिन्याला भरतो. दक्षिण कोरियात असा वाटा घेण्याची रीत पडली. ट्विच ही व्हिडिओ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून गाशा गुंडाळून निघाली. तिथला नेटवर्कचा खर्च बहुतेक देशांच्या दहापट असल्याचं तिच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. परदेशी कंपनीबद्दल अश्रू ढाळायचं मला कारण नाही. पण मोठी कंपनी वाटा देऊन मोकळी होईल; उद्याची छोटी मराठी कंपनी तो कुठून देणार?

इथपर्यंत लिहिलेलं मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "कंपन्यांच्या कुलपाचं झालं. दुसऱ्या कुलपाचं काय?"

त्यांच्या खात्यात दुसरं कुलूप होतं, सरकारचं. वरून कागद आला की तार रोखायची, फोन ऐकायचा. त्याला आधार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. केसरी निघून चारच वर्षं झाली होती तेव्हाचा हा कायदा, आणि अगदी परवापरवापर्यंत मोबाइलचं इंटरनेट बंद करायला तोच वापरत. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. अधिकार आहे तिथेच आहे.

२०१५ मध्ये आपण दहा लाख मेल पाठवून सरकारला सांगितलं की कंपन्यांना आवरा. सरकारने आवरलं. तोवर आणि त्यानंतर सरकार स्वतः काय करत होतं, यावर मात्र एवढे मेल कधी गेले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या बंदच्या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, खेड, जुन्नरसारख्या तालुक्यांत इंटरनेट बंद होतं. जून २०२३ मध्ये कोल्हापूर, सप्टेंबरमध्ये पुसेसावळीच्या दंगलीनंतर सातारा. काश्मीरमध्ये तर ५ ऑगस्ट २०१९ ला बंद झालेलं फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. राजस्थानात २०२१ मध्ये शिक्षक पात्रतेच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद ठेवलं गेलं. कॉपीसाठी! शास्त्री रोडवरच्या अभ्यासिकांत बसलेल्या हजारो पोरांनी हा उपाय आपल्याकडेही येईल असं धरून चालायला हरकत नाही.

एखादं संकेतस्थळ कंपनीने हळू केलं तर आपण त्याला भेदभाव म्हणतो. सरकारने सगळंच बंद केलं तर त्याला आपण बंदोबस्त म्हणतो.

बाजू मांडायची तर पूर्ण मांडली पाहिजे. अफवेने माणसं मरतात, हे पुण्याला कोणी सांगायला नको. जून २०१४ मध्ये फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फिरली, शहर पेटलं, आणि हडपसरमध्ये नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण आयटीवाल्याचा जमावाने जीव घेतला. त्या चित्रांशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ठेचून मारली गेली. ज्या जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असल्या बातम्या येतात त्याचा हात बटणाकडे जातो, आणि मी त्याच्या जागी असतो तर माझाही गेला असता.

पण बटण दाबल्यावर काय होतं तेही पाहू या. अफवा पसरायला एक फोन आणि एक चौक पुरतो. तिचं खंडन करायला मात्र पोलिसांना लाखो लोकांपर्यंत एकदम पोचावं लागतं, आणि नेमकं ते साधन आपण काढून घेतलेलं असतं. आजकाल भाजीवालीपासून रिक्षापर्यंत सगळे पैसे फोनवरून. नेट बंद म्हणजे बाजार बंद, ॲपवरची रिक्षा बंद, डॉक्टरांना पाठवायचा रिपोर्ट बंद. संचारबंदीत निदान पास मिळतो. इथे पास नाही.

आणि दुसरे उपाय नाहीत असंही नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. मला हा उपाय फार शिकण्यासारखा वाटतो. कारण त्यात मेसेज काय आहे हे कोणी वाचत नाही. श्लोक असो, शिवी असो, सुप्रभात असो, पाचच. मजकुरात तोंड न घालता धोका कमी करता येतो, याचा हा नमुना. अशी मर्यादा घाला म्हणून सरकारने कंपन्यांवर कायद्याने सक्ती केली तरी मी विरोध करणार नाही. सरकारचं नियमन नको, अशी माझी भूमिकाच नाही.

मग नेमकं कुठलं नियमन नको?

२०१६ चा नियम कसा झाला ते आठवा. आधी प्रश्न छापले. मग कोणालाही उत्तर द्यायची मुभा दिली. उत्तरं जाहीर केली, त्यांवर प्रत्युत्तरं घेतली, खुली बैठक झाली. मग नियम, त्याच्यासोबत कारणांचा लांबलचक खुलासा. फेसबुकलाही कळलं की आपण का हरलो. आता दुसरी बाजू. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली सरकार एखादं पान, खातं, ॲप बंद करतं. त्याच कायद्याच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की या तक्रारी आणि कारवाया गोपनीय ठेवायच्या. लिहिणारा सकाळी उठतो तर त्याचं पान गायब. का, कोणाच्या सांगण्यावरून, दाद कुठे मागायची, काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ६६अ हे, इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अटक करू देणारं कलम रद्द केलं. ते कलम गाजलं होतं आपल्या पालघरच्या दोन मुलींमुळे. बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई ठप्प झाल्याबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, दोघींना अटक. त्याच निकालात न्यायालयाने ६९अ मात्र कायम ठेवलं, कारण त्यात लेखी कारणं द्यावी लागतात, समिती बसते, असं त्याचं म्हणणं होतं. कारणं लेखी आहेत खरी. ती ज्याच्याविरुद्ध आहेत त्याला बहुधा दिसत नाहीत, एवढंच.

काश्मीरबद्दलच्या अनुराधा भसीन खटल्यात, १० जानेवारी २०२० ला, न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत. पाठोपाठ नियमांत कमाल १५ दिवसांची मुदत आली. पण डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विचारलं की देशात नेट किती वेळा बंद झालं, तर कळलं की गृह आणि दूरसंचार, दोन्ही खाती याची नोंदच ठेवत नाहीत. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर किती वाजता आला याची वही आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ ला केंद्राची सत्यशोधन शाखा ज्या नियमावर उभी होती तो रद्द केला, हे त्यातल्या त्यात बरं झालं. सरकारच्या कारभाराबद्दलचं काय खोटं हे सरकारच ठरवणार, अशी ती सोय होती. क्रिकेटमध्ये फलंदाजालाच पंच नेमल्यासारखं. आधी दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं होतं, तिसऱ्याने पारडं झुकवलं. इतकं ते जवळून गेलं.

अमेरिकेत हे सगळं पक्षांच्या झोक्यावर चालतं. २०१५ मध्ये तटस्थतेचा नियम केला, २०१७ मध्ये मोडला, २०२४ मध्ये परत आणला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की तिथल्या दूरसंचार आयोगाला तो अधिकारच नाही. आपला नियम त्या मानाने टिकला. तो लोकांनी भांडून, उघड्यावर केला होता, हे टिकण्याचं एक कारण असावं.

काकांना मी म्हटलं, कंपनीवर विश्वास नाही, सरकारवरही नाही, तर मग तुमचा विश्वास तरी कोणावर? त्यांनी लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डकडे बोट दाखवलं. तिथे सेक्रेटरींच्या सहीचा कागद होता. 'टाकी सफाईसाठी उद्या सकाळी १० ते दुपारी ४ ए आणि बी विंगचं पाणी बंद राहील. अडचण असल्यास ऑफिसात संपर्क साधावा.' कोणती विंग, किती वेळ, कशासाठी, कोणाच्या सहीने, तक्रार कुठे. पाण्यासाठी ८४ घरांना एवढं सांगावं लागतं. दोन-तीन तालुक्यांचं इंटरनेट तोडताना एवढाच कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येकाच्या फोनवर, बंद होण्याच्या आधी, का येऊ नये? बंद केलेल्या पानावर कोणत्या कलमाखाली, कोणी, कधी बंद केलं आणि अपील कुठे, या चार ओळी का असू नयेत? देशाच्या सुरक्षेचं एखादं प्रकरण असेल की कारण सांगता येत नाही. ते न्यायाधीशाला बंद लिफाफ्यात दाखवा. पण अपवादाचा लिफाफा सगळ्याच प्रकरणांना चिकटवू नका.

आमच्या डक्टचा करार मार्चअखेर संपतो. कंपनीचा माणूस गेल्या आठवड्यात पुन्हा येऊन गेला. अट तीच, आकडा मात्र आता ९० हजार. गच्चीचं वॉटरप्रूफिंग या पावसाळ्याच्या आधी केलंच पाहिजे, वरच्या मजल्यावरच्या तिघांच्या भिंतींना ओल आली आहे, आणि त्यांची मतं कुठे जाणार हे मला आत्ताच कळतं आहे. रविवारी सकाळी साडेदहाला सभा आहे. नोटीस मीच लिहिली, आणि काकांच्या आग्रहावरून तिच्यात मागच्या दोन वर्षांतले इंटरनेटचे दरही महिन्यागणिक टाकले. बेरीज केली तेव्हा साठ हजार कोणाच्या खिशातून गेले ते दिसलं. काल रात्री नोटीस बोर्डावर लावली. आज सकाळी कोणीतरी तिच्याखाली पेनाने लिहिलंय, 'आणि गच्ची?'